त्याच भावात जड चाक

आमच्या घराण्यात हलकी आहे म्हणून कोणतीही वस्तू आजवर विकत घेतलेली नाही.

पाणी भरायची पितळेची गुंडी घेतली ती उचलताना मनगट बोललं म्हणून. पाटा घेतला तो बैलबंडीतून उतरवायला दोन गडी लागले म्हणून. आमच्या सासऱ्यांनी मला सून म्हणून पसंत केलं तेव्हासुद्धा, "पोरगी अंगानं भरली हाय, कामाले टिकन," एवढंच म्हटलं होतं. (टिकले. सासरे असते तर त्यांना दाखवलं असतं किती भरले ते.) आणि बंडीचं चाक घ्यायचं तर विचारूच नका. सुताराकडे चार चाकं उभी असली की आमची माणसं प्रत्येकाला खांदा लावून पाहायची, आणि ज्या चाकानं खांदा मागं ढकलला ते घरी यायचं.

यात आमची चूक आहे असं मला आजही वाटत नाही. कापसावर जगणाऱ्या माणसाला जड तेच खरं वाटतं. कापूस वजनावर जातो. बोंड हातात घेतलं आणि हलकं लागलं की समजायचं, आत काही नाही. आणि मी सांगते ते वर्ष तर गुलाबी अळीचं होतं. कापसाची पऱ्हाटी छातीइतकी, बोंडं टपोरी, रस्त्यानं जाणारा माणूस थांबून म्हणायचा, "यंदा मजा हाय बा तुमची." आणि बोंड फोडलं की आत काळं, पोकळ, आणि मधोमध ती गुलाबी पाहुणी निवांत बसलेली. त्या वर्षी आम्हाला हलक्या वस्तूचा असा धसका बसला होता, की मी पापडसुद्धा जाड लाटले.

नेमकं त्याच वर्षी आमच्या प्राजूला हलकं चाक पाहिजे झालं.

प्राजू माझ्या धाकट्या दिराची मुलगी. दीर महागावला सरकारी ऑफिसात बाबू. पण आमचं कुटुंब एकत्र, दिग्रसजवळच्या गावात, आणि प्राजू वाढली ती माझ्याच मागं मागं. मला ती मोठी आई म्हणते, आणि यांना मोठे बाबा. दिग्रसच्या कॉलेजात जायला लागली तशी तिथल्या खेळाच्या सरांनी तिला सायकलच्या शर्यतीत घातलं. आधी मला वाटलं, सायकल काय, आम्हीही चालवली. पण ही वेगळी. बारीक टायरची, वाकड्या मुठीची, मागं सीट म्हणजे नुसती सुपारी फोडायची जागा. तिला ना घंटी, ना कॅरिअर, ना स्टँड. कोणाकडून तरी जुनी घेतलेली होती. ती सायकल भिंतीला टेकवून ठेवली की यांना वाटायचं, कोणीतरी सामान काढून नेलं.

तर प्राजूची राज्याच्या संघासाठी निवड व्हायची होती, आणि त्याची चाचणी होती पुसदकडच्या घाटात. पहिल्या पाच मुली घेणार. सर म्हणाले होते, पाय चांगले आहेत, पण चाकं फार जुनी आहेत. जमत असेल तर कार्बनची बघ.

"कार्बन म्हंजे कोळसाच ना?" यांनी विचारलं.

"कोळसा नाही मोठे बाबा. कार्बनचे धागे राह्यतात. ते एकावर एक बसवतात, डिंकासारखं लावून घट्ट करतात."

"धाग्याचं चाक?"

"हो."

"मंग कापसाचं काहून नाही करत? भाव तरी भेटला असता."

प्राजूनं मोबाइलवर मला तीन प्रकार दाखवले. किमती मला आठवत नाहीत, कारण मी त्या तेव्हाच आमच्या हिशेबात बसवून घेतल्या. स्वस्त जोडी म्हणजे धुऱ्यावरचा, बांधाकडेचा कापूस. मधली म्हणजे अर्धं वावर. महाग म्हणजे वावर, बैल, आणि वरून आम्ही दोघं.

"स्वस्तातली नोको," प्राजू म्हणाली. "घाट उतरताना ब्रेक दाबून दाबून चाक तापते. कोणं बनवलं काय माहीत, उकलून गेलं तर? आन महागाची ज्यायच्या मागं मदतीची गाडी चालते त्यायच्यासाठी. आपल्याले मधली."

मला हे पटलं. पोरगी विचार करून बोलत होती. आणि पैशाचं म्हणाल तर आमच्या घरात जुनी रीत आहे, कापूस पुरुषांचा आणि कापसाच्या मधल्या तुरीच्या ओळी बायकांच्या. अळीनं पुरुषांचा कापूस खाल्ला. माझी तूर तिला आवडली नाही. तेव्हा त्या वर्षी घरात ताठ मानेनं बोलू शकेल असं माणूस मीच होते.

मी म्हटलं, "चाकं मी घेते."

दीर जेवत होते. ते वाईट माणूस नाहीत. फक्त सगळं आयुष्य फायलीत गेल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीला शेवटचा दिनांक लागतो.

"घ्या वहिनी," ते म्हणाले. "पण माह्यं आत्ताच सांगून ठेवतो. वर्ष कसं हाय तुम्ही पाहूनच राह्यले. यंदा निवड झाली तर खेळ म्हणा तिले, मी आडवा येत नाही. पण हारली, तर सायकल इकायची आन बँकेच्या परीक्षेचा अभ्यास धरायचा. काय वं प्राजू?"

प्राजूनं ताटाकडे पाहूनच "हो बाबा" म्हटलं. मग तिनं उरलेली भाकर अगदी सावकाश खाल्ली. मला तिथंच कळलं, की हे चाक म्हणजे नुसतं चाक नाही.

आता ही चाकं मिळणार नागपूरला. प्राजूची नेमकी प्रॅक्टिकलची परीक्षा आली. यांना डोळे दाखवायला नागपूरला जायचंच होतं. प्राजूनं दुकानदाराशी फोनवर बोलून ठेवलं आणि आम्हाला बजावलं, "मधल्या भावाची जोडी काढून ठेवली हाय. काहीच नाही करायचं. फक्त घेऊन यायची."

'काहीच नाही करायचं' हे वाक्य यांना आयुष्यात कधी जमलेलं नाही. आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मलाही जमत नाही.

दुकान म्हणजे थंडगार काचेचं घर होतं. सायकली भिंतीवर टांगलेल्या. "जाग्याची लय टंचाई दिसते," हे माझ्या कानात म्हणाले. दुकानदार तरुण होता, नम्र होता. त्यानं दोन जोड्या टेबलावर मांडल्या.

"एकच सांगतली होती," मी म्हटलं.

"हो आजी, पण दोन्ही त्याच भावात आहेत. ताईंनी भाव तेवढा सांगितला, कड कोणती ते राहूनच गेलं. ही बुटक्या कडेची, ही उंच कडेची. दोघींचं काम वेगळं आहे. तुम्ही ताईंना फोन लावा ना."

फोन लावला. परीक्षेत बसलेल्या पोरीचा फोन काय लागतो? बंद. परतीच्या बसला जेमतेम वेळ.

"बरं, त्या चालवणार तो रस्ता कसा आहे?" त्यानं विचारलं.

"रस्ता?" हे खुर्चीत सावरून बसले. कोणीतरी अखेर यांच्या विषयावर आलं होतं. "रस्त्याचं काय सांगू तुम्हाले. लय खराब हाय. फाट्यापासून तर गड्डेच गड्डे. मागच्या साली माह्या बंडीचा आख तुटला तथीच."

बिचाऱ्याला विचारायचं होतं चढ आहे की सपाट. पण यांनी त्याला त्या रस्त्याचा ठेकेदार कोण, इथपर्यंत नेलं, आणि तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं म्हणून तो सुटून गेला. जाता जाता म्हणाला, "तुम्ही निवांत बघा. नाही पटलं तर बदलूनही देईन. फक्त माल कोरा पाहिजे."

आम्ही निवांत बघितलं. यांनी पिशवीतून ताणकाटा काढला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कापूस वेचणाऱ्या बायांची गाठोडी धुऱ्यावर टांगून मोजायचा हा आकड्याचा काटा. वेचणीच्या दिवसांत तो यांच्या पिशवीत असतोच. डोळ्याच्या डॉक्टरकडेही होता. यांनी काट्याचं वरचं कडं धरून हात उंच केला, मी आकड्याला चाक अडकवलं, आणि त्या काचेच्या घरात आम्ही दोघं वावरात उभे असल्यासारखे काटा वाचू लागलो.

"काही भरतच नाही हे," हे म्हणाले. "काटा हालून नाही राह्यला."

"दुसरं लावा."

दुसरं, म्हणजे उंच कडेचं, जरा भरलं. फार नाही. पण काट्यावर दिसण्याइतकं नक्की.

"भाव तोच म्हणला ना तो?" मी विचारलं.

"तोच."

"मंग विचार कायचा करता?"

हे माझे शब्द. मी नाकारत नाही. नाकारून उपयोगही नाही, कारण पुढं कितीतरी महिने ते शब्द माझ्याच आवाजाची नक्कल करून मला ऐकवण्यात आले. पण तुम्हीच सांगा. त्याच भावात जास्त वजन मिळतंय, आणि कापूसवाली बाई कमी वजनाचं घेऊन घरी जाईल? लोक हसतील.

मग यांना वाटलं, भावाचंही बघावं. बैलबाजारात आमच्याकडे भाव तोंडानं करत नाहीत. हातावर दुपट्टा टाकायचा आणि खाली बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे आजूबाजूच्यांना कळत नाही. दुकानदार पोरगा परत आला तसा यांनी त्याच्या हातावर दुपट्टा टाकला आणि बोटं धरली.

"आजोबा, बीपी पाहून राह्यले का?" त्यानं घाबरून विचारलं.

"बोला," हे म्हणाले.

"काय बोलू?"

"तोंडानं नाही. बोटानं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या सायकलींकडे पाहिलं. शेवटी त्यानं भाव तोच ठेवला आणि वर एक पाण्याची बाटली फुकट दिली, मला वाटतं, हात सोडवून घ्यायला. बसमध्ये बसल्यावर हे म्हणाले, "पाह्यलं? वजनही जास्त आणलं, आन बाटली बी."

प्राजू यायच्या आत आम्ही घरी पोचलो. आता नवं चाक घरात येतं तेव्हा त्याची पूजा होते. बंडीचं असो, ट्रॅक्टरचं असो. मी अंगणात पाट मांडला, दोन्ही चाकं भिंतीला टेकवली, हळदकुंकवाची बोटं ओढली, आणि चाकाला तेल लावतात तसं सगळीकडून गोल तेल लावलं. छान चमकली. मग यांनी दगडावर नारळ फोडला. यांचा हात अजून मजबूत आहे. करवंटीचा एक तुकडा उडाला आणि मागच्या चाकाच्या उंच कडेवर खर्रकन ओरखडा उमटवून तुळशीत पडला.

"हात लागला देवाचा," हे म्हणाले.

तेवढ्यात प्राजू आली. चाकं पाहून आधी तिचा चेहरा उजळला. मग ती जवळ आली. वाकली. उंच कडेवरून बोट फिरवलं. बोट पिवळं झालं.

"मोठी आई, हे सपाटीचं हाय."

"मंग?"

"शर्यत घाटात हाय."

यांनी तुळशीतला करवंटीचा तुकडा उचलून पाठीमागं लपवला.

"त्यात काय," हे म्हणाले, "बदलून आणू. तो म्हणला ना, माल कोरा असला तर बदलून देतो."

आणि मग आम्ही तिघंही त्या कोऱ्या मालाकडे पाहू लागलो. हळद, कुंकू, तेल, एक अक्षता, आणि तो देवाचा ओरखडा.

"तेल कायले लावलं, मोठी आई?"

"चाकाले तेल लावतेतच."

"याचे ब्रेक याच कडेवर लागते," ती हळूच म्हणाली. "असं घेऊन घाट उतरली असती तर डायरेक्ट पुसदच्या बस स्टँडमध्येच थांबली असती."

एवढंच बोलली. रागावली असती तर मी उलट चार शब्द बोलून मोकळी झाले असते. त्या बाबतीत मी कोणाला ऐकत नाही. पण ती ओसरीवर बसली आणि फडक्यानं कडा पुसू लागली. पुसायची, बोट लावून पाहायची, पुन्हा पुसायची. मी समोर तूर निवडत बसले. ती चांगलीच तूर होती, निवडायची गरज नव्हती.

सरांना विचारलं तर ते म्हणाले, चाक वाईट नाही. चांगलंच आहे. दोन्हींत फरक जेमतेम पावशेराचा, फक्त घाटात तो पावशेर मागून ओढतो. पावशेर! आमच्याकडे पावशेर कापूस वेचणाऱ्या बाईच्या ओटीला चिकटून घरी जातो आणि कोणाला कळत नाही. मी तर निश्चिंत झाले.

मग हळूहळू माझ्या लक्षात आलं, की प्राजू जेवताना शेवटची भाकर परत ठेवते. वरणावर तूप नको म्हणते. मी विचारलं, "बरं नाही काय वं?" तर म्हणाली, "नाही ना. वजन थोडं कमी करून राह्यली. चाकात नाही झालं तर अंगात करीन." हसून म्हणाली. मी ज्याला नफा समजून आणलं, तो ती पोरगी आपल्या पोटातून परत करत होती.

हे मात्र मजेत होते. कोणी आलं की सांगायचे, "मी तर म्हणत होतो, पोरीले विचारू. पण हिनं ऐकलं नाही." दुकानात हे असं काही म्हणत नव्हते. हे काट्यावरचा आकडा वाचत होते.

चाचणीच्या दिवशी आम्ही सगळे घाटात. दिरांनी रजा टाकली होती. "निकाल म्या सोता पाह्यतो," म्हणाले. अगदी वरच्या वळणावर आम्ही उभे राहिलो, जिथं चढ सगळ्यात उभा आहे. शेवटची रेघ तिथून पुढं थोड्याच अंतरावर. सागाची पानं उन्हानं वाळलेली, पायाखाली वाजत होती.

खालून पोरी येताना दिसल्या. तीन पुढं, मग जरा मोकळा रस्ता, मग आमची प्राजू, आणि तिच्या मागं आणखी एक.

"चौथी हाय," दीर म्हणाले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो ऑफिसातला नव्हता. "वहिनी, चौथी हाय ना?"

"चौथीच हाय."

पण वळणावर आली आणि तिचा वेग उतरला. मागची पोरगी तिच्या बरोबरीला आली आणि निघून गेली. खालून अजून दोघी दिसू लागल्या. प्राजू सीटवरून उठली, मुठीवर ओणवी झाली, चेहरा लालबुंद, आणि सायकल अशी डावी-उजवी डोलत होती. मला तिचा चेहरा दिसत होता, पण माझी नजर होती मागच्या चाकावर. उंच कडेचं. ओरखड्याचं. माझं.

आता एक सांगते. दिग्रसच्या बाजाराला कापसाची बंडी जायची तेव्हा वाटेत एक चढ होता. भरलेली बंडी तिथं अडायचीच. आणि आमच्याकडे अडलेल्या बंडीजवळून नुसतं कोणी जात नाही. ओळखीची असो, परक्याची असो, भांडण असलेल्या भावकीची असो. आधी मागून खांदा लावायचा, बंडी वर न्यायची, आणि मग खुशाल भांडायचं. मी लग्न होऊन आले त्याच साली, नऊवारीचा ओचा खोचून, या रीतीनं कितीक बंड्या वर ढकलल्यात. हे डोक्यात नसतं हो. हे हातात असतं.

प्राजू माझ्यासमोरून गेली आणि माझे दोन्ही हात तिच्या पाठीला लागले.

हलकेच लावले म्हणाल तर तसं नाही. बंडीला लावतात तसे लावले. खांद्यासकट. सोबत चार पावलं धावलेसुद्धा.

"मोठी आई, सोड! सोड!" प्राजू ओरडली, पण तोवर ती भरकन पुढं सुटली होती. पुढच्या पोरीच्या मागच्या चाकाला लागता लागता राहिली. आणि माझ्या मागं शिट्टी वाजली.

मोटारसायकलवर पंच होते. लाल टोपीचे. गाडी थांबवून त्यांनी माझ्याकडे, मग सगळ्या माणसांकडे पाहिलं.

"या बाई कोणाच्या सोबत आहेत?"

हे माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. सागाचं झाड निरखत होते.

"मी नाही ओळखत," हे म्हणाले.

नियम असा होता, की बाहेरच्या माणसानं हात लावला की ती खेळाडू बाद. मी पंचांना समजावून पाहिलं. म्हटलं, "साहेब, हात मी लावला ना? मंग मले बाद करा." ते म्हणाले, तुम्ही स्पर्धेत नाही आजी. मी म्हटलं, "ते आत्ताच कळलं मले. पण पोरीनं तर सोड म्हणलं होतं, तुम्ही बी ऐकलं." त्यांनी ऐकलं होतं. भला माणूस होता. पण नियम नियमच.

प्राजू थांबली नाही. वरपर्यंत गेली, रेघ ओलांडली. पाचवी आली. फक्त ती पाचवी कुठं लिहिली गेली नाही.

नंतर आम्ही सागाखाली बसलो. डब्यात दशम्या होत्या, कोणी हात लावला नाही. प्राजू गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसलेली. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण माझ्याच हातांचा मला भरवसा राहिला नव्हता. मी ते मांडीखाली घालून बसले.

दीर उभे राहिले. सायकलीजवळ गेले. मागचं चाक उचललं, हातानं फिरवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं, सर्र आवाज करत. ते थांबेपर्यंत ते पाहत राहिले.

"आपलं काय ठरलं होतं, प्राजू?"

"हारली तर सायकल इकायची." तिचा आवाज ओला होता.

"बराबर. पण तू हारली कोठी?"

प्राजूनं वर पाहिलं.

"हारणं येगळं, बाद होणं येगळं," दीर म्हणाले. ते आता आमच्याशी बोलत नव्हते, टेबलावर फाइल उघडून बोलत होते. "आमच्या ऑफिसात अर्ज नामंजूर झाला तर इषय संपला. पण काही अर्ज त्रुटीसाठी परत जातेत. ते नामंजूर नसतेत. तेवढी त्रुटी दूर करायची आन पुढच्या येळी पुन्हा सादर करायचा. हे तुह्यं प्रकरण तसं हाय."

"म्हंजे, बाबा?"

"म्हंजे पुढच्या साली पुन्हा बस शर्यतीत. सायकल कोणी इकत नाही."

प्राजू रडायला लागली, आणि रडता रडता दशमी खायला लागली. मीच दिली. तूप लावून दिली, आणि ती नको म्हणाली नाही.

"पण त्रुटी कोणती ते तर ठरवा," हे म्हणाले.

सगळ्यांनी फक्त त्रुटीकडे पाहिलं. मी पदर सावरून बसले.

पुढचं वर्ष कापसाला जरा बरं गेलं. दीर स्वतः नागपूरला जाऊन दुसरी चाकं विकत आणायला निघाले होते. प्राजूच नको म्हणाली. "आता पायाले सवय झाली बाबा. जड लागतच नाही." मला बरं वाटावं म्हणून म्हणाली की खरंच, ते मी विचारलं नाही. काही गोष्टी मोजू नयेत.

त्या वर्षीची चाचणीही त्याच घाटात झाली. आम्ही पुन्हा त्याच वळणावर गेलो तर काय, बघणाऱ्या माणसांसाठी रस्त्याच्या कडेनं दोर लावलेला. सर लगबगीनं माझ्याकडे आले. "आजी, एक काम तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. दोराचं हे टोक धरायचं आहे. दोन्ही हातांनी. शेवटची पोरगी जाईपर्यंत सोडायचं नाही."

मला इतका मान त्या घाटात मिळेल असं वाटलं नव्हतं. यांच्याकडे बघत बघत मी दोर धरला आणि असा ताणून धरला की काय सांगू. प्राजू तिसरी आली. समोरून गेली तेव्हा माझे खांदे आपोआप पुढं झाले, पण हातात दोर होता, काम होतं. निवड झाली तिची. सगळे वर धावले, मिठ्या मारल्या, दीर तर चक्क नाचले म्हणे. मी मात्र शेवटची पोरगी जाईपर्यंत टोक सोडलं नाही.

मग सावकाश दोर गुंडाळत पलीकडे गेले. पलीकडचं टोक सागाला बांधलेलं होतं. आणि मागं वळून पाहिलं तर मी उभी होते तिथंही, अगदी हाताच्या अंतरावर, चांगला जाडजूड साग होताच.